भाऊजींनी दिलेली चंदेरी गाडी

माझ्या आयुष्यात तीन गाड्या आल्या. पहिली बाबांची, दुसरी भाऊजींनी गळ्यात मारलेली आणि तिसरी मी स्वतः घेतलेली. लोक जुन्या गाड्यांबद्दल हळवे होऊन बोलतात. मी दुसऱ्या गाडीबद्दल बोलायला लागले की माझी मुलगी उठून आत जाते. माझ्या आवाजात पुढे काय येणार, ते तिला पाठ झालंय.

बाबांची गाडी छोटी, पांढरी, चौकोनी होती. पावसात डावीकडच्या काचेतून पाणी आत यायचं. मागचं दार आपटल्याशिवाय लागायचं नाही आणि ते आपटलं की सगळ्या गल्लीला कळायचं, आम्ही आलो. पण किल्ली फिरवली आणि ती सुरू झाली नाही, असं मी कधी पाहिलं नाही. बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे. रविवारी सकाळी ते बॉनेट उघडून तेल बघायचे, पाणी बघायचे, बॅटरीची टोकं कोरड्या फडक्याने पुसायचे. मला द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये नोकरी लागली तेव्हा त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि फडकंही दिलं.

माझं काम फिरतीचं. काढणीच्या आधी बागेत जायचं, घड बघायचे, मण्याचा आकार आणि गोडी मोजायची आणि माल परदेशात जाण्याजोगा आहे की नाही ते सांगायचं. दिंडोरी, मोहाडी, पिंपळगाव, सगळीकडे बागेपर्यंत जाणारे रस्ते सारखेच, म्हणजे ते नसतातच. काळ्या मातीत ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्या असतात. त्या चाकोऱ्यांतून ही गाडी वर्षानुवर्षं गेली. बागायतदार लांबून ओळखायचे आणि म्हणायचे, "आली मॅडमची डबी." मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

वाईट वाटलं ते माझ्या मोठ्या दिरांना. त्यांना मी भाऊजी म्हणते. ते इंदिरानगरला राहतात. एका कचेरीत नोकरी करता करता त्यांचा जुन्या गाड्या घेऊन विकायचा जोडधंदा चालायचा. दुकान नाही, पाटी नाही. नातेवाईक, ऑफिसातले सहकारी, शेजारी एवढंच गिऱ्हाईक. "बाहेर फसण्यापेक्षा घरच्या माणसाकडून घ्या," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं.

एका दिवाळीत जेवताना ते म्हणाले, "ही खटारा आता सोड. तुझ्यासाठी एक गाडी बघून ठेवलीये. एका डॉक्टरची आहे. जेमतेम वापरलेली."

"माझी चालतेय की, भाऊजी."

"चालतेय म्हणजे काय? उद्या घाटात बंद पडली तर? एकटी बाई तू."

माझ्या नवऱ्याला गाडी चालवता येत नाही आणि गाड्यांतलं काही कळतही नाही. मोठ्या भावाचा शब्द मात्र त्याला लहानपणापासून मोडता येत नाही. तो म्हणाला, "दादा सांगतोय तर घेऊ या ना."

घेतली. चंदेरी, लांबलचक, आत राखाडी सीट. बाबांची गाडी भाऊजींनी बदल्यात घेतली. "भंगारातच घालावी लागणार," असं ते म्हणाले आणि मी कागदांवर सह्या केल्या. नव्या गाडीत अत्तराच्या तीन कुप्या टांगलेल्या होत्या. मला वाटलं, डॉक्टर शौकीन असतील.

थंडीभर ती नीट चालली. मग एकदा गंगापूर रोडला सिग्नलवर उभी असताना चारही काचा आपोआप खाली गेल्या. मी हसले. पुढच्या आठवड्यात हॉर्न सुरू झाला तो थांबेना. एका बागायतदाराच्या घरापुढे तेराव्याची माणसं बसली होती आणि माझी गाडी गळा काढून ओरडत होती. शेवटी मी बॅटरीची वायर उपटली. मग काढणीच्या ऐन दिवसांत ती मोहाडीच्या अलीकडे बंद पडली. मजूर बागेत येऊन बसलेले, कंटेनर पॅकहाऊसला लागलेला आणि मी हो म्हटल्याशिवाय कात्री लावता येत नव्हती. मी चालत निघाले. पोचले तेव्हा बागायतदार माझ्याशी बोललाच नाही, माझ्या साहेबांशी फोनवर बोलला. त्या हंगामात मला चांगल्या बागा मिळाल्या नाहीत.

दर वेळी मी भाऊजींना फोन करायचे. ते म्हणायचे, "वायरिंग असतं गं, नवीन गाड्यांचं नाजूक. बघून घे जरा." मी बघून घ्यायचे. गॅरेजवाला एक वायर बदलायचा, तोवर दुसरी कुजलेली असायची.

हे सगळं मी विसरले असते. लोकांच्या गाड्या बंद पडतातच. एप्रिलमधली ती दुपार मात्र मी विसरणार नाही.

बाबांचं तेव्हा डायलिसिस सुरू होतं. ते झालं की त्यांच्यात त्राण उरायचं नाही. मी त्यांना मागच्या सीटवर आडवं करून घरी आणायचे. त्या दिवशी मुंबई नाक्याजवळच्या उड्डाणपुलावर गाडी गेली ती गेलीच. इंजिन बंद, एसी बंद, काचा वर आणि मागची दोन्ही दारं लॉक. माझं दार उघडलं, मागची उघडेनात. आतून नाही, बाहेरून नाही. वरून ऊन असं की पत्र्याला हात लावला तर चटका बसत होता. मागून ट्रक हॉर्न देत होते.

"काय झालं गं?" बाबांनी विचारलं.

"काही नाही, बाबा. उतरू या."

एक रिक्षावाला थांबला. आम्ही दोघांनी मिळून बाबांना पुढच्या दोन सीटांच्या मधल्या फटीतून ओढून काढलं. मी रिक्षावाल्याला ओरडून सांगत होते, "उजवा हात धरा, डावा नको." डाव्या हाताला डायलिसिसच्या सुयांची पट्टी होती. पण माणूस ओढताना कुठला हात कुठे अडकेल हे कोणाच्या हातात असतं? पट्टी सुटली. राखाडी सीटवर रक्त सांडलं. बाबांना उलटी झाली आणि त्यांना तिची लाज वाटली. रिक्षावाल्याला ते सारखं म्हणत होते, "माफ करा, तुमचा शर्ट खराब झाला." आयुष्यभर फळ्यापुढे ताठ उभा राहिलेला माणूस पुलाच्या कठड्याला टेकून परक्या माणसाची माफी मागत होता.

त्यानंतर ते माझ्या गाडीत बसले नाहीत. दवाखान्यात रिक्षानेच जायचे. मला एवढंच म्हणाले, "आपली ती भंगारात घालायला नको होती."

पावसाळ्याच्या सुरुवातीला मी एकदा गाडी धूत होते. चालकाच्या सीटचा पट्टा मळला होता म्हणून तो पुसावा म्हटलं आणि ओढत गेले. रोज लावतो तेवढाच पट्टा आपल्याला दिसतो. बाकीचा आत गुंडाळलेला असतो. शेवटाकडे आल्यावर तो करकरायला लागला, दातांत वाळू यावी तसा. आणि मग आडवी, लाटेच्या कडेसारखी, तपकिरी रेघ दिसली. रेघेखाली सगळा पट्टा मातकट होता. मी तो झटकला तर बोटांवर पिठासारखा गाळ आला. नाकाशी नेला. नाशिकमध्ये वाढलेल्या माणसाला तो वास सांगावा लागत नाही. पूर ओसरल्यावर गोदाकाठी आठवडाभर तोच वास असतो.

मी उरलेले तीनही पट्टे ओढले. तिन्हींवरही तीच रेघ, त्याच उंचीवर. मग गालिचा उचकटला. तो नवा होता, पण त्याच्याखाली सीटचे रूळ गंजून सोललेले होते. आदल्या वर्षी गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत पाणी चढलं होतं, तेव्हा काठावरच्या पार्किंगमधल्या गाड्या तरंगत गेलेल्या मी मोबाईलवर पाहिल्या होत्या. त्यातलीच ही एक. वाळवून, पुसून, अत्तर लावून माझ्या दारात उभी केलेली.

तरीही मला वाटलं, भाऊजींनाही कोणीतरी फसवलं असेल. एवढा विश्वास माझ्यात तेव्हा शिल्लक होता. तो महिन्याभरात दिंडोरी रोडच्या एका मंगल कार्यालयात संपला.

लग्न नात्यातलं होतं. गाडी लावायला जागा शोधत होते आणि समोर एक छोटी, चौकोनी गाडी दिसली. लाल रंगाची. तिचं मागचं दार कोणीतरी आपटलं आणि मी जागच्या जागी थांबले. तो आवाज मी झोपेतही ओळखला असता. नंबर पाहिला. बाबांचीच, रंग तेवढा बदललेला. दार आपटणारी भाऊजींची मुलगी होती. ती कॉलेजला ही गाडी घेऊन जायची. आणि भाऊजी दोन पाहुण्यांना टपावर हात ठेवून सांगत होते, "दिसायला साधी आहे हो. पण एकदाही दगा दिला नाही. अशी गाडी आता मिळायची नाही."

जेवणाच्या पंगतीत मी त्यांच्यासमोर बसले.

"भाऊजी, बाबांची गाडी भंगारात गेली होती ना?"

"अगं, भंगारवाला काही देतच नव्हता. म्हटलं, पोरीला शिकायला होईल."

"आणि मला दिलीत ती पुरातली होती."

"कोण म्हणतं?"

"पट्ट्यांच्या आत नदीचा गाळ आहे. तपकिरी रेघ उठलीये."

ते मोठ्याने हसले. आजूबाजूच्या लोकांकडे बघत म्हणाले, "ऐका! दिवसभर बागेच्या चिखलात गाडी घालायची आणि मग म्हणायचं चिखल कुठून आला. गाडीला चालवणाऱ्याचा हात लागतो बाबा. बायकांच्या हातात गाड्या टिकत नाहीत, हे मी आधीच सांगत होतो."

पंगत हसली. बागेची माती काळी असते, हे त्या पंगतीत निम्म्या लोकांना माहीत होतं. तरीही हसली. माझा नवरा पानातली कोशिंबीर चिवडत राहिला. मी उठले, हात धुतले आणि ठरवलं, हे मी सोडणार नाही.

चंदेरी गाडी मी विकली नाही. नवरा म्हणाला, "देऊन टाक कोणाला तरी. थोडंफार तरी सुटेल."

"कोणाला देऊ? कोणाच्या बाबांना बसवू तिच्यात?"

मी ती अंबडला भंगारात नेऊन घातली आणि तिचा टप कापून होईपर्यंत तिथेच उभी राहिले. कापणारा म्हणाला, "मॅडम, उन्हात कशाला थांबता? पावती घेऊन जा." मला बघायचं होतं.

त्या हिवाळ्यात बाबा गेले. ते गाडीमुळे गेले नाहीत, एवढं मलाही कळतं. त्यांच्या आजारानेच गेले. पण शेवटच्या महिन्यांत लेकीच्या गाडीतून फिरायचं सुखही त्यांना मिळालं नाही आणि ते कोणी घालवलं, याची मी रोज स्वतःला आठवण करून देत होते. भाऊजी दिवसांना आले. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मोठा माणूस होता." मी तो हात काढून बाजूला ठेवला.

मग मी वाट बघत बसले. मुद्दाम त्यांच्याकडे जाणं-येणं ठेवलं. सणाला गेले, जाऊबाईंना पोळ्या लाटू लागले. भाऊजींना वाटलं, विसरली. घरात कुठली गाडी आली, कुठली गेली, सगळं मला कळत होतं. पुढच्या पावसाळ्यात गोदावरीला पुन्हा पाणी आलं आणि नवरात्रात जाऊबाई सहज बोलून गेल्या, "दसऱ्याला एक गाडी द्यायचीये यांना. घोटीचे लोक आहेत."

दसऱ्याच्या सकाळी आम्ही सगळे त्यांच्याकडे जमलो होतो. खाली पार्किंगमध्ये निळी गाडी धुऊन उभी होती, तिला झेंडूची माळ घातलेली. घोटीहून भाताचा व्यापार करणारे एक गृहस्थ, त्यांची बायको आणि म्हातारी सासू, तिघं आपल्या जुन्या पिकअपमधून आले होते. माळही त्यांनीच येताना आणलेली. जाऊबाईंनी माझ्याच हातात पूजेचं ताट दिलं आणि म्हणाल्या, "तू हो पुढे, मी शिरा उतरवून येते."

मी खाली गेले. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, अक्षता वाहिल्या. भाऊजी नारळ घेऊन उभे होते. मी ताट त्या म्हाताऱ्या आजींच्या हातात दिलं, दार उघडलं आणि घोटीच्या बाईंना म्हणाले, "ताई, जरा आत बसा. पट्टा लावून बघा."

"अगं, आधी नारळ फोडू दे," भाऊजी म्हणाले.

"फोडा की. त्यांना बसू तर द्या."

त्या हौसेने बसल्या. पट्टा ओढला. मी म्हटलं, "अजून ओढा. पार शेवटपर्यंत."

"एवढा कशाला लागतो?" त्या हसत ओढत गेल्या. करकर आवाज आला. भाऊजींनी तो ऐकला. त्यांचा चेहरा मी बघत होते. तोच बघायला मी आले होते.

"हे काय हाय?" बाई म्हणाल्या. रेघ त्यांच्या मांडीवर आली होती. माझ्या गाडीतल्यापेक्षाही रुंद.

"पूर," मी म्हणाले. "पाणी इथवर होतं. गालिचा उचला, खाली गंज असेल. अत्तराची कुपी काढा, मग वास येईल."

भाऊजी पुढे झाले. "हिचं डोकं ठिकाणावर नाही. वडील गेल्यापासून..."

"माझे वडील अशाच गाडीत कोंडले गेले होते," मी त्या गृहस्थांना म्हणाले. "तीही यांनीच दिली होती. मागे तुमच्या सासूबाई बसतील ना?"

गृहस्थांनी वाकून स्वतः गालिचा उचकटला, बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं. मग भाऊजींना एवढंच विचारलं, "दादा, तुम्हाला म्हाईत व्हतं?"

भाऊजी म्हणाले, "आपण वर बसून बोलू."

"नाय," ते म्हणाले. "वर काय बोलायचं?"

त्यांनी बॉनेटवरची झेंडूची माळ उतरवली आणि आपल्या पिकअपला घातली. बायको उतरली, आजींनी ताट माझ्या हातात परत दिलं आणि तिघं निघून गेले. गॅलऱ्यांतून निम्मी सोसायटी बघत होती.

वर कोणी जेवेना. भाऊजी म्हणाले, "सणाच्या दिवशी माझं नाक कापलंस. काय मिळालं तुला?"

"अजून मिळायचंय," मी म्हणाले आणि श्रीखंड वाढून घेतलं. ते चांगलं झालं होतं.

आणि मी थांबले नाही. आदल्या वर्षी काढून ठेवलेले चारही पट्ट्यांचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकले, खाली लिहिलं की ही गाडी कोणी, कोणाला, काय सांगून दिली. पट्टा कसा ओढून बघायचा, याचा व्हिडिओ केला आणि ओळखीच्या सगळ्यांना पाठवला. भाऊजींच्या ऑफिसातल्या दोघांनी आपापल्या गाड्यांचे पट्टे ओढले. त्यातल्या एकाने गाडी त्यांच्या दारात आणून लावली आणि किल्ली वॉचमनकडे देऊन तो निघून गेला. वर्ष संपायच्या आत जोडधंदा बंद झाला. नातेवाइकांतलं कोणी गाडी घ्यायचं म्हटलं की आता मला फोन करतं.

एका संध्याकाळी भाऊजी आमच्या घरी आले. पहिल्यांदाच चपला दारात काढून अवघडल्यासारखे बसले. चहाला हात लावला नाही.

"पुरे कर आता," ते म्हणाले. "लोक तोंडावर हसतात."

"पंगतीत हसले होते तसे?"

"चूक झाली म्हण. पण मला काय माहीत, तुझे वडील बसतील तिच्यात?"

त्यांना वाटलं, ते स्वतःची सुटका करून घेतायत. मी नवऱ्याकडे बघितलं. तो भावाकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी बदललेलं मला पहिल्यांदा दिसलं. तो उठला आणि म्हणाला, "दादा, तू जा आता."

जाऊबाई माझ्याशी वर्षभर बोलल्या नाहीत. मला त्याचं दुःख झालं, कारण त्या माणूस म्हणून वाईट नाहीत. पुतणी लग्न होऊन पुण्याला गेली, बाबांची गाडी घेऊन. अजून चालते म्हणतात. चालणारच.

तिसरी गाडी मी शोरूममधून नवी घेतली. छोटी, करडी, कुठेही डोळ्यांत न भरणारी. तिने मला अजून कुठे अडवलेलं नाही. घ्यायच्या दिवशी विक्रेता पेढ्यांचा बॉक्स घेऊन उभा होता आणि मी आत बसून एकेक पट्टा शेवटपर्यंत ओढत होते. तो म्हणाला, "मॅडम, नवीन आहे हो गाडी." मी म्हटलं, "असू दे."

गेल्या मार्चची गोष्ट. मी पिंपळगावला निघाले होते. नवऱ्याला वाटेत सोडायचं होतं म्हणून तो बरोबर होता. पाथर्डी फाट्याच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून एक माणूस उभा होता, डोक्यावर रुमाल टाकलेला. भाऊजी. उन्हात ते एकदम म्हातारे दिसले.

"अगं, दादा," नवरा म्हणाला.

"दिसला."

"थांब ना."

मी गाडी थोडी पुढे नेऊन थांबवली. इंजिन बंद केलं नाही. "तुला उतरायचं असेल तर उतर. तुझा भाऊ आहे. मी थांबणार नाही."

तो उतरला. मी आरशात बघितलं नाही. पिंपळगावला गेले, बाग बघितली, घड मोजले. माल उत्तम होता.

नवरा संध्याकाळी रिक्षाने घरी आला. मी भाजी चिरत होते.

"बॅटरी गेली होती," तो म्हणाला.

"बरं."

"तुझी गाडी कशी चालते, विचारत होता."

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, छान चालते. कधी त्रास नाही."

"आणि तो?"

"काही नाही. मान हलवली." तो हात धुवायला बेसिनकडे गेला. मला फार बरं वाटलं. मी कांदा घेतला आणि बारीक चिरायला लागले.